एक उतारू

रत्नागिरी, १८ ऑगस्ट १९३२

परवा नारळी पौर्णिमा झाली. मी धक्क्यावर गेलो नाही, ओटीवर बसून समुद्राचा आवाज ऐकला. शाळेत होतो तेव्हा या दिवशी वर्गाकडून समुद्राच्या कविता म्हणवून घ्यायचो. पहिल्या बाकावर उठलेली लाट मागच्या भिंतीवर जाऊन फुटायची. परवा एकही ओळ आठवली नाही, आणि आठवली नाही याचे वाईटही वाटले नाही. आमच्या हिला, यमूला, जाऊन दोन वर्षे होतील. तेव्हापासून सगळे कानात कापूस घातल्यासारखे ऐकू येते.

आज आत्माराम खातू आला. माझा जुना विद्यार्थी. कविता म्हणताना विसरलेल्या ओळीच्या जागी इतक्या ऐटीत खाकरायचा की ओळ म्हणून झाली असेच वाटे. आता तो 'चंद्रप्रभा' बोटीच्या कंपनीचा इथला एजंट आहे. कंपनी नवी, बोट नवी. लोक चढायला कचरतात.

"मास्तर, आम्हाला प्रसिद्धीला माणूस हवा. मुंबईहून मागवला तर तो मुंबईचं लिहील. तुम्ही आपल्या माणसांना कळेल असं लिहा."

"अरे, मी जन्मात बोटीवर पाय ठेवलेला नाही. पाणी पायाखाली हलले की माझ्या पोटात कालवते."

"तेच बरं! जो एकदा बसलाय तो इतकं गोड लिहिणार नाही."

हसला. मीही हसलो असेन. मग त्याला 'प्रसिद्धी' शब्द फोड करून सांगितला. प्र अधिक सिद्धी. जे आधी सिद्ध आहे तेच पुढे आणायचे, नवे काही करायचे नाही. फार सोज्वळ शब्द आहे.

"मग ठरलं," आत्माराम म्हणाला. "सिद्ध मी करतो, 'प्र' तेवढा तुम्ही लावा."

काम धरले. दिवस जाईल.

दमूचे वेळणेश्वराहून पत्र: 'अविधवा नवमीला या. आईचे इथेच करू. चार वर्षांत लेकीचे घर पाहिले नाही तुम्ही.' बोटीने पालशेतला उतरले की पुढे गाडीवाट आहे म्हणते. बघू.

२३ ऑगस्ट

हस्तपत्रिका छापून आल्या. गुलाबी कागद. माझ्या ओळी:

चंद्रप्रभा ये डौलात, लाटांवर ठेवी पाऊल,
गणरायाच्या आधी दारी चाकरमान्याची चाहूल.

शाई थोडी फुटली आहे, पण 'पाऊल' आणि 'चाहूल' शेजारी बरे दिसतात. खालच्या आळीत पोरे म्हणत चालली होती. दुसऱ्या चरणात तीही सूर ओढतात. ओढण्याची जागा माझ्याच वर्गातली आहे.

संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसलो. इथे बोट काठाला लागत नाही, दूर खोल पाण्यात उभी राहते. माणसांची ने-आण पडावातून. पडाव बोटीच्या शिडीपासून सुटायला आला की वरून कारकून आकडा ओरडतो, 'बारा उताऽरू!' आणि खालून पडावाचा तांडेल तोच आकडा परत म्हणतो, 'बारा उताऽरू!' वारा किनाऱ्याकडचा असला की दोन्ही हाका पाण्यावरून सरळ येतात. एक वरची, एक खालची. ओवीला पालुपद असते तसे. मी बोटीत बसत नाही, पण ही हाक मला आवडते.

२६ ऑगस्ट

आज 'एक समाधानी उतारू' या सहीने साप्ताहिकाकडे पत्र नेले. बोटीवरची स्वच्छता, बाकांचा मऊपणा, कप्तानाचे अगत्य. बाकाची गोष्ट आत्मारामाने सांगितली, मऊपणा माझा.

संपादक आगाशे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मास्तर, हे मी कुठे घालू? कंपनीचा मजकूर असेल तर चौकटीत घालतो, वर 'जाहिरात' असं छापतो. माझा नियम आहे. उतारूचं असेल तर पत्रव्यवहारात."

"चौकटीत गद्य गुदमरते, आगाशे."

"मी हवेचं नाही विचारत. कोणाचं आहे ते विचारतोय."

मी म्हटले, "सही वाचा." त्यांनी वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि कागद पत्रव्यवहाराच्या खिळ्याला टोचला.

घरी येताना विचार केला. कवी कोकिळेच्या तोंडून बोलतो, माहेराला निघालेल्या सुनेच्या तोंडून बोलतो. कोणी त्याला पंख दाखव म्हणतो का? उतारूच्या तोंडून बोललो तर बिघडले कुठे.

२९ ऑगस्ट

वाटेत भागोजी तांडेल भेटला. डोळे लालभडक, पाणी गळत होते.

"काय रे हे?"

"डोळे आलेत वो मास्तर. गावात समद्यांचेच आलेत. दर्याची हवा लागली की झोंबतात निस्ते."

तुरटीच्या पाण्याने धू म्हणून सांगितले. "हौसाला सांगतंय," म्हणाला. हौसा त्याची बायको. भला माणूस. यमूच्या अस्थी त्याच्याच पडावातून नेल्या होत्या. जावई गेला होता बरोबर. मी धक्क्यावर उभा होतो.

२ सप्टेंबर

परवा चतुर्थी. 'चंद्रप्रभा' चाकरमान्यांनी भरून आली, उशिरा आली. दिवस कलला होता, आणि समुद्र मला बरा दिसत नव्हता. पण मला तो कधीच बरा दिसत नाही. आपली माणसे न्यायला आलेल्यांनी धक्का भरला होता. मी हाक ऐकायला गेलो होतो.

भागोजीचा पडाव शिडीशी होता. त्याचा आवाज आला, "बस झाला! आता नको!" वरून कोणी हसले. आत्माराम त्या वेळी बोटीवरच होता, त्याचाही आवाज ऐकला: "गणपतीचे दिवस आहेत रे, कुठे सोडतोस लोकांना!" मग वरचा आकडा आला, "सव्वीस उताऽरू!" खालचा आला नाही. मी थांबलो. ओवी अर्धी राहिल्यासारखे वाटले. भागोजीने आकडा परत म्हटला नाही असे मी आजवर ऐकले नव्हते. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला, बोट हलली, पाणी पांढरे झाले, आणि पडाव कुशीवर वळला, झोपेत माणूस वळतो तसा.

बाकीचे पडाव धावले. सगळे निघाले, आरे गावची गोदूबाई तेवढी निघाली नाही. मुंबईला लेकाकडे होती, गणपतीला घरी येत होती.

घरी येऊन भात टाकला. जेवलो. चव लागत होती. आश्चर्य वाटले.

३ सप्टेंबर

आत्माराम सकाळीच आला. दाढी केलेली नव्हती. ओटीवर बसला नाही, उभाच.

"मास्तर, कंपनीची अब्रू आता तुमच्या हातात आहे. लोक म्हणतायत बोटीने घाई केली. तुमच्या त्या उतारूने लिहायला हवं."

"त्याने काय लिहावे?"

"खोटं एक अक्षर नको. भागोजीचे डोळे तांबडे होते की नाही?"

"होते."

"त्याच्या अंगाला वास येतो की नाही?"

"मासळीचा येतो."

"कसला ते लिहायला कुणी सांगितलंय? वास येत होता, बस. वाचणारा काय समजायचं ते समजेल. आपण नाही सांगितलं."

दुपारी लिहिले. 'मी त्या दुर्दैवी पडावात होतो. तांडेलाचे नेत्र आरक्त झाले होते आणि त्याच्याजवळून उग्र दर्प येत होता. त्याचा हात सुकाणूवर स्थिर नव्हता.' आधी 'डोळे लाल' लिहिले होते. ते फार उघडे वाटले. 'नेत्र आरक्त' बसले. 'दर्प' या शब्दाला 'वास'पेक्षा भार आहे. सही: 'एक उतारू'. 'समाधानी' काढला. अशा प्रसंगी शोभला नसता.

आगाशांनी या वेळी चौकटीचे विचारले नाही. पत्र घेतले, सही पाहिली, खिळ्याला टोचले.

४ सप्टेंबर

गणपती बसवला. मोदक शेजारून आले. आरती म्हणताना कुठल्या कडव्यावर आहे ते मध्येच कळेना. हात टाळ्या वाजवत होते, ते थांबले तेव्हा मीही थांबलो.

७ सप्टेंबर

अंक निघाला. गावात तेच बोलणे. "प्यायलेला होता म्हणे." "म्हणे कशाला, पडावात बसलेल्यानेच लिहिलंय." बंदराच्या अंमलदाराने भागोजीचा परवाना काढून घेतला. चौकशी व्हायची आहे. मामलेदारांनी दोषी ठरवले तर परवाना कायमचा जाईल, वर खटला. ऐन हंगामात पडाव वाळूत ओढून ठेवलेला पाहिला. पालथा.

गोदूबाईची ट्रंक आऱ्याच्या किनाऱ्याला लागली. आत मखराच्या लाल झिरमिळ्या होत्या. भिजून रंग सुटला, सगळी लुगडी लाल झाली, असे दूधवाल्याने सांगितले. दूध घेतले.

९ सप्टेंबर

पोरे नवीन म्हणतात:

चंद्रप्रभा ये डौलात,
लोकां सोडी खोलात.

यमक माझ्यापेक्षा सरस आहे. कोणा पोराचे आहे ते विचारावेसे वाटले, विचारले नाही.

११ सप्टेंबर

हौसा आली. पायरीखालीच उभी राहिली. वर ये म्हटले, आली नाही.

"मास्तर, एक काम हाय. तुमीच करशाल."

"बोल."

"त्यो उतारू शोधून द्या आमाला."

मी म्हटले, "कुठला उतारू?"

"पेपरातला! पडावातल्या समद्यांना इचारून आलंय. खालच्या आळीतला बाबल्या, आऱ्याचा गंगाराम, समदे नाय म्हंतात. गंगारामाला तर आमच्या माणसांनी धरला व्हता, त्याला लिवता येता म्हणून. त्यानं गोदूबाय आपली चुलती, तिची शपथ घेतली. बिचारा घाटीवरनं चालत घरला गेला, पडावात कोण घेत नाय त्याला. मंग ह्यो सत्ताविसावा कोण?"

"मला कसे माहीत असणार?"

"तुमी वाचून सांगशाल ना. अक्षरं कोणाची ती तुमाला कळतात. पोरांचे पेपर नुसते बगून सांगायचाव, ह्यो अमक्याचा, ह्यो तमक्याचा. ह्ये पन बगा."

तिने घडी केलेला अंक पुढे केला. छापील आहे गं, छापलेल्यात हात ओळखू येत नाही, असे सांगितले. ती हिरमुसली.

"मना त्याच्याशी भांडायचा नाय, मास्तर. त्यो पडावात व्हता. डोळे तांबडे बगितलान, तर बाकीचाबी बगितलान आसंल. वरनं मानसा कशी कोंबली, ह्यो नको नको म्हनत व्हता, समदा. आमचा कोण ऐकत नाय, तांडेलाची मानसा म्हनतात. त्यो शिकलेला हाय, त्याचा साहेब ऐकतील. येकदा येऊन खरा सांग म्हनावा. आनी डोळ्यांचा सांगा त्याला. डोळे आले व्हते वो ह्येंचे. तुमीच नाय का तुरटी सांगितलाव?"

"हो," मी म्हटले. "सांगितली होती."

"ह्यां. मंग बगा."

ती गेल्यावर कोनाड्यात माझी तुरटी पडली होती ती हातात घेतली. दाढीनंतर लावतो ती. बराच वेळ हातात होती.

१३ सप्टेंबर

आगाशे घरी आले. असे कधी येत नाहीत.

"मामलेदारांनी मला बोलावून विचारलं, उतारूचं नाव सांगा. मी म्हटलं, पत्र लिहिणाऱ्याचं नाव फोडणं आमच्या धंद्याला शोभत नाही. ते म्हणाले, ठीक, मग त्यानेच यावं. सोळा तारखेला पुकारा करू. आला तर साक्ष, नाही आला तर पत्र आहेच पुढ्यात."

"मग?"

"मग काय? तुमचं नाव मी सांगणार नाही, मास्तर. एक नियम पाळायचा राहिला, चौकटीचा, म्हणून आता दुसरा पाळत बसलोय. चौकटीत घातलं असतं तर त्या पत्राला जाहिरातीइतकीच किंमत राहिली असती. लोकांनी वाचून पान उलटलं असतं." उठता उठता म्हणाले, "सकाळी आरशात पाहिलं तर वाटलं, मी छापखान्याचे खिळे जुळवणारा, का जुळवून घेणारा?"

शब्दश्लेष चांगला होता. तसे म्हणालो. ते तोवर पायऱ्या उतरले होते.

१४ सप्टेंबर

आत्माराम येऊन गेला. "पुकाऱ्याला कोण येणार? कोणी नाही. वाऱ्याला पुकारा करतील आणि गप्प बसतील. तुम्ही त्या दिवशी घरीच राहा."

दमूला लिहिले की नवमीला जमेल असे दिसत नाही. पत्र टाकायला विसरलो.

१६ सप्टेंबर

कचेरीत गेलो. का गेलो ते लिहिता येत नाही. छत्री घेतली, चपला घातल्या, आणि पाय वळले ते कचेरीकडे. आवारात आंब्याखाली सगळी खालची आळी बसली होती. मी व्हरांड्यात बाकावर बसलो. बायका पदर सावरून म्हणाल्या, "मास्तर आलं. मास्तर उतारूला हुडकून आनलाव काय?" मी मान कशी हलवली मला माहीत नाही.

दारातून आतले दिसत होते. मामलेदार, शेजारी बंदराचे अंमलदार, समोर भागोजी हात जोडून. डोळे आता बरे दिसले, पांढरे. आत्मारामाने साक्ष दिली: पडावात किती घ्यायचे हे तांडेलाने पाहायचे, कंपनीने नव्हे, आणि तांडेलाची अवस्था काय होती ते प्रत्यक्ष पाहणाऱ्याने छापून सांगितले आहे. अंक पुढे सरकवला. मामलेदारांनी पत्र मोठ्याने वाचले. 'नेत्र आरक्त झाले होते.' आवारातून कोणी विचारले, "आरक्त म्हंजे काय वो?" कोणी सांगितले, "दारू प्यालेला."

'आरक्त' म्हणजे तसे नाही. वर्गात कोणी सांगितले असते तर मी चूक काढली असती.

"पुकारा करा," मामलेदार म्हणाले.

धाकू पट्टेवाला दारात आला. कारकुनाने सांगितले तेच नाव समजून त्याने छाती भरून हाळी दिली, "एक उताऽरू, हाजिर हैऽऽ?"

आवारात खसखस पिकली. बाबल्या ओरडला, "अरे धाक्या, त्याच्या बापाचा नाव तरी सांग! उतारू समदेच!"

"गप रे! एक उताऽरू, हाजिर हैऽऽ?"

कोणी हसले नाही. हौसा उभी राहून फाटकाकडे पाहत होती. रस्त्यावरून कोणी येत असेल म्हणून.

तिसऱ्या वेळी धाकूचा आवाज लांबला. पाण्यावरून येतो तसा. वरचा आकडा आला, आणि खालचा यायचा राहिला आहे, असे मला वाटले.

"हजर," कोणीतरी म्हणाले.

हा शब्द मी जन्मभर समोरून ऐकला, स्वतःच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला वेळ लागला. मी उभा होतो.

"जोगळेकर मास्तर?" मामलेदारांनी खुर्ची द्यायला सांगितली. "तुम्ही त्या पडावात होता?"

"नाही."

"पत्रात तर—"

"पत्रातला उतारू मी. पडावात मी नव्हतो. मी आजवर कुठल्याच पडावात बसलेलो नाही."

"हे कंपनीसाठी लिहिलंत?"

"प्रसिद्धीचे काम आहे माझ्याकडे."

"डोळ्यांचं तरी पाहिलं होतंत?"

"पाहिले होते. चार दिवस आधी. डोळे आले होते त्याचे. तुरटी मीच सांगितली."

"आणि दर्प?"

"तो घेतला नाही, साहेब. लिहिला."

आत्माराम उठला. "साहेब, मास्तरांचं वय झालं. पत्नी गेल्यापासून त्यांचं जरा—"

"बसा तुम्ही, खातू."

मग मी हाकेचे सांगितले. ओघाने आले, सांगायचे ठरवून गेलो नव्हतो. भागोजी नको म्हणत होता. वरून सव्वीस आले, खालून परत आले नाही. अंमलदारांनी लेखणी खाली ठेवली. "परत आलं नाही? म्हणजे तांडेलाने आकडा घेतला नाही. घेतल्याशिवाय बोट हलायची नाही, हा बंदराचा रिवाज आहे."

मला हे माहीत नव्हते. मी ते पालुपद समजत होतो.

मामलेदार माझ्याकडे वळले. माणूस सभ्य आहे, आवाज चढवला नाही. "मास्तर, गेल्या आठवड्यात तुम्ही छापून खोटं सांगितलंत. आज तोंडाने सांगताय ते खरं कशावरून मानू?"

हाच प्रश्न मी वर्गात पोरांना विचारायचो.

"आमी ऐकला ना!" आवारातून हौसा ओरडली. धाकू अडवायला गेला, ती त्याच्या हाताखालून दारात आली. "आमी बायका रोज धक्क्यावर कशाला उब्या असतांव, साहेब? आकडा परत आला की मंग घरला जाऊन चूल पेटवायची. त्या दिवशी परत आला नाय. ह्यांना इचारा, हिला इचारा!" मागे चारपाच जणी उभ्या राहिल्या.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"इचारला कोनी?"

मामलेदारांनी कारकुनाला सगळे लिहून घ्यायला लावले. पत्र पुराव्यातून काढले. भागोजीचा परवाना निकालापर्यंत परत द्यावा आणि कप्तानाचा जबाब मागवावा, असा हुकूम झाला. मुंबईहून जबाब केव्हा येईल, येईल की नाही, कोणी सांगू शकत नाही.

बाहेर आलो. वाट दिली सगळ्यांनी, पुष्कळ रुंद वाट दिली. हौसा बाजूला उभी होती. मी थांबलो, तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तोंड वळवले.

१७ सप्टेंबर

आत्मारामाने माणूस पाठवून गुलाबी हस्तपत्रिकांचा उरलेला गठ्ठा परत नेला. निरोप: "मास्तरांना म्हणावं, विसरलेल्या ओळीच्या जागी खाकरायचं असतं. ओळ सांगायची नसते."

हसू आले. मग बराच वेळ तोंड तसेच राहिले.

२१ सप्टेंबर

परवा आगाशांना चार ओळी पाठवल्या होत्या. 'यापूर्वी "समाधानी उतारू" व "एक उतारू" या सह्यांनी छापलेली पत्रे कंपनीच्या कामासाठी मी लिहिली. मी उतारू नव्हतो.' खाली नाव. चौकटीत छापा म्हटले. आजच्या अंकात छापले, वर 'जाहिरात' नाही, 'खुलासा' असे घातले आहे. चौकटीत काही गुदमरले नाही. चारच ओळी होत्या, चहूकडून जागा सुटली.

आऱ्याला गंगारामाकडे जाऊन आलो. वारे गावापर्यंत गाडी, पुढे पायी. तो अंगणात होता. चुलतीची लुगडी दोरीवर होती, अजून तांबूस. मी काय म्हणालो ते आठवत नाही. त्याने पाणी दिले. "बसा," म्हणाला नाही.

दमूला न टाकलेले पत्र सापडले. फाडले.

वेळणेश्वर, २३ सप्टेंबर

काल आलो. येण्याचे लिहून ठेवतो.

धक्क्यावर माणूस नव्हते. त्या दिवसापासून लोक शिडीपर्यंत जायला भितात, बोट बरीचशी रिकामी जाते-येते. झिमझिम होती. खालच्या पायरीला भागोजी पडाव धरून उभा होता. मला पाहून त्याने पडाव जवळ ओढला. मी पायरीवर उभा राहिलो. पाणी वर येत होते, खाली जात होते.

"बोट थांबायची नाय," तो म्हणाला.

मी पाय टाकला. पडाव हलला, मी काठ दोन्ही हातांनी धरला. पुढचा खलाशी पोर फिसकन हसला. "गप," भागोजी म्हणाला. "मास्तर, मध्ये बसा. काठ सोडा, त्यो कुठं जात नाय. पाय वर घ्या."

मधोमध बसलो. चपलेत पाणी गेले. गार होते. गार आहे हे कळले.

वल्ही चालत होती. धक्का लहान होत गेला. एवढ्या वर्षांत मी गाव या बाजूने पाहिले नव्हते. भगवतीच्या डोंगराला मागून उतार आहे हेही ठाऊक नव्हते. एका ठिकाणी भागोजीने वल्हे थांबवले. क्षणभरच.

"हितं," म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिले.

"मास्तरीनबायना हितं सोडला व्हता. जावयांनी. तवा तुमी धक्क्यावर उबे व्हताव."

पाणी इतर ठिकाणी होते तसेच होते. काहीतरी म्हणावे म्हणून ओळी शोधल्या. जन्मभर पाठ केलेल्या, करवून घेतलेल्या. एकही पुढे आली नाही. हात काठावरून खाली सोडला, बोटे पाण्यात बुडाली, आणि पडाव निघाला तसे पाणी बोटांमधून जात राहिले.

"भागोजी," मी म्हटले.

"डोळे बरे हायत आता," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

'चंद्रप्रभा'ची शिडी आली. लोखंडी, ओली, मी लिहिले होते त्यापेक्षा पुष्कळ उभी. पोराने दोर धरला. भागोजीने पडावात एक नजर फिरवली, रिकाम्या फळ्यांवरून माझ्यापर्यंत, आणि तोंडाशी हात नेऊन वर हाक दिली,

"एक उताऽरू!"

वरून कारकुनाचा आवाज परत आला. "एक उताऽरू!"

मी चढलो.